कपाटातला कागद

"मुलगी हॅम्बर्गला नोकरीला आहे, तिथेच जन्मलेल्या एका तुर्की मुलासोबत राहते. त्याचे आजोबा कारखान्यात कामगार म्हणून आले होते म्हणे. सात महिने मी तिच्याशी धड बोललेली नाही. तिने 'द एज ऑफ हेवन' हा सिनेमा बघायला सांगितला. बघितला आणि झोपच उडाली, त्यातली मुलगी मरते! एप्रिलमध्ये तिने कुरिअरने कसलासा जर्मन कागद पाठवला, तो कपाटात आहे. मुलाच्या घरच्यांची माहिती कशी काढावी?"
– एक आई, डोंबिवली

अहो बाई,

माहिती राहू द्या. आधी उठा आणि तो 'कसलासा' कागद बाहेर काढा. वर जीभ अडखळेल असा लांबलचक शब्द आहे ना, फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग? मग ते हमीपत्र आहे. त्यासाठी तुमची लेक पगाराच्या स्लिपा घेऊन तिकडच्या सरकारी कचेरीत गेली, फी भरली आणि लिहून दिलं, की आईच्या मुक्कामाचा सगळा खर्च माझा, ती आजारी पडली तर दवाखान्याचासुद्धा. तुम्ही अबोला धरून बसला होतात तेव्हा. आणि पत्रात त्याला एक ओळ, तीही जाता जाता!

सिनेमा तुम्ही बघितलात, पण भलत्याच बाईकडे. फातिह आकिन हा हॅम्बर्गमध्येच तुर्की आईवडिलांच्या पोटी जन्मलेला दिग्दर्शक, २००७चा त्याचा हा सिनेमा. तुम्हाला त्यात मेलेली लोट्टे दिसली. मला तिची आई दिसते, सुझाने. स्वयंपाकघरात चेरीच्या बिया काढत लेकीच्या तुर्की मैत्रिणीशी वाद घालणारी. पुढे लेक त्या मैत्रिणीपायी इस्तंबूलला जाऊन बसते, तेव्हा ही फोनवर सांगते, आता तुझं तू बघ. गंमत म्हणजे तरुणपणी ही स्वतः रस्त्यात गाड्यांना हात दाखवत भारतापर्यंत आली होती! लेक गेल्यावर मात्र इस्तंबूलला जाते. हॉटेलच्या खोलीत आक्रोश करते. मग लेकीने भाड्याने घेतलेल्या खोलीत, तिच्याच पलंगावर झोपते, तिची डायरी वाचते आणि तुरुंगातल्या त्या मैत्रिणीला भेटायला जाते. सगळं करते हो. फक्त बघायला लेक नसते.

तुमची आहे. ठणठणीत आहे, आणि तुमच्या दवाखान्याच्या बिलाची हमी देऊन बसली आहे.

राहिले मुलाचे घरचे. १९६१मध्ये जर्मनीला माणसं हवी होती, म्हणून तिने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. १९७३मध्ये भरती थांबवली, पण तोवर अनेकांचे संसार तिथे रुजले होते. अशाच एका घरातला हा नातू. त्याची माहिती डोंबिवलीत बसून कोणाकडून काढणार आहात? त्यांच्या घरी जा, चहा प्या, कळेल.

आणि कागदाखालची तारीख बघा. व्हिसाच्या अर्जासोबत तो साधारण सहा महिनेच चालतो. एप्रिलचा कागद, आज सप्टेंबर उजाडला. या आठवड्यात अर्ज भरा.

लेकीला फोन आजच करा. सिनेमाचा विषय काढू नका, त्या मुलाचाही नको. कागदावरची तारीख वाचून दाखवा आणि विचारा, ऑक्टोबरात तिकडे एक स्वेटर पुरतो की दोन आणू?