बाल संरक्षण समितीवर आलात? वाचकांचे प्रश्न

ग्राम बाल संरक्षण समितीवर माझं नाव आलंय. गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आहे. घरच्यांना समज देऊन मिटवावं का?

मिटवू नका. समितीला निवाडा करण्याचा अधिकार नाही. धोका वेळेत ओळखून कळवणं हे तिचं काम. आजच 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि ग्रामसेवकांना सांगा, खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. शाळेतून जन्मतारखेचा पुरावा आधी मिळवा, कारण 'पोरीला अठरा पूर्ण झाली' हे उत्तर ठरलेलंच असतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती घरच्यांनी लिहून दिलेल्या हमीपत्रावर थांबल्यानं. अधिकारी गेले की मुलीला नातेवाइकांच्या गावी नेऊन लग्न उरकतात. म्हणून तिला अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करण्याचा आग्रह धरा. लग्नाचा धोका असलेलं मूल बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूमही मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल असतं. तारखेपर्यंत आणि त्यानंतरही महिनाभर मुलगी शाळेत येते का, हे शिक्षकांना विचारत राहा.

इतिवृत्तात मुलांची नावं लिहायची का?

नाही. वही ग्रामपंचायतीत कुणाच्याही हाती पडते. 'प्रकरण क्रमांक 1' एवढंच लिहा, तपशील बंद पाकिटात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो तर मुळीच नको. अशा मुलाची ओळख उघड केली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

बाल कल्याण समितीचं सदस्य व्हायला काय लागतं?

अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. कायदा, समाजकार्य, मानसशास्त्र, शिक्षण अशा विषयांतली पदवी हवी. सोबत मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा 7 वर्षांचा अनुभव, नाहीतर त्या विषयातला चालू व्यवसाय. अर्ज करण्याआधी वेळेचा विचार करा: बैठक महिन्यात किमान 20 दिवस असते. सलग 3 महिने सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात किंवा वर्षातल्या किमान तीन चतुर्थांश बैठकांना हजर राहिला नाहीत, तर चौकशीनंतर नेमणूक जाते. पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे जमत नाही, आणि रखडलेल्या प्रत्येक आदेशामागे एक मूल बालगृहात अडकून राहतं.

मी एका बालगृहाचा विश्वस्त आहे. अर्ज करू का?

नको. बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती बाल न्याय अधिनियमाच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार अपात्र ठरते.