पुस्तकावरच्या वादानं झोप उडते तेव्हा

"मॅडम, कारण ऐकून तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण माझं भांडण एका पुस्तकावरून झालंय." अशी सुरुवात करणारी माणसं गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी वारंवार येतात. कुणी बँकेत अधिकारी असतं, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा. वाचकांच्या एखाद्या फेसबुक नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर कादंबरीबद्दल, नियतीबद्दल, लिखाणाबद्दल त्यांनी मनापासून काही लिहिलेलं असतं. कुणीतरी ते चारचौघांत खोडून काढतं. मग रात्री झोप नाही, कामात लक्ष नाही, जेवताना मनात उत्तरं जुळवणं चालू. शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "ग्रुप सोडून देऊ का?"

घरच्यांकडे याचं उत्तर तयार असतं. "सोड की, पुस्तकांपायी कशाला जिवाला त्रास?" मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. आवडत्या पुस्तकाबद्दल तास न् तास बोलायला माणूस मिळणं ही साधी गोष्ट नाही. ज्यांच्या घरात, ऑफिसात दुसरं कुणी वाचत नाही, त्यांना विचारा. ग्रुप सोडला की वाद थांबतो, पण वादात ज्यानं पोळलं ते मनात तसंच राहतं. उद्या दुसऱ्या ग्रुपवर, परवा साहेबांच्या केबिनमध्ये ते पुन्हा डोकं वर काढतं.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम, वय चाळिशीच्या आत, मूळ गाव परभणीकडचं. घरातले पहिले पदवीधर, पहिले वाचकही. रोमन साम्राज्यातला तत्त्वज्ञ एपिक्टेटस हा त्यांचा दैवतासारखा माणूस. त्याचं एक प्रसिद्ध म्हणणं त्यांनी ग्रुपवर मांडलं होतं : माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं अस्वस्थ करतात. खाली दोन परिच्छेद स्वतःचे विचार.

एका बाईंनी लिहिलं, "माझ्या वडिलांवर सावकाराचं कर्ज होतं. मत बदलून व्याज कमी झालं नसतं. उपाशी माणसाला असलं काही सांगू नका." आणखी कुणीतरी लिहिलं, "तत्त्वज्ञान शब्दात त किती, हे आधी शिका. मग आम्हाला शिकवा." या गृहस्थांनी 'तत्वज्ञान' असं लिहिलं होतं. बाकी वाद त्या बाईंशी रात्री दोनपर्यंत चालला, आणि पुढचे कित्येक दिवस मनात चालूच राहिला. शेवटी बायकोनंच माझ्याकडे पाठवलं. "भाजी वाढू का, तीनदा विचारलं तरी यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

सुरुवातीच्या भेटींत ते मला पटवत होते की त्या बाई कशा चुकीच्या आहेत. मी ऐकून घेतलं. मग एकदा म्हटलं, "ती चर्चा उघडा बघू. तुमची उत्तरं मला क्रमानं वाचून दाखवा."

त्यांनी फोन काढला. पहिलं उत्तर शांत होतं, चांगलं लिहिलेलं होतं. पुढची लांब होत गेली, त्यांत अवतरणं वाढत गेली. शेवटाकडे वाक्य होतं, "तुमच्यासारख्यांशी बोलण्यात अर्थ नाही." ते वाचताना त्यांचा आवाज खाली गेला.

"राग कुणाचा आला होता?"

"त्या बाईंचाच."

"त्यांना पहिलं उत्तर किती वाजता दिलंत?"

त्यांनी पाहिलं. "साडेनऊ."

"तेव्हा कसं वाटत होतं?"

"ठीक होतं. खरं सांगू का, मजा येत होती. मुद्दा चांगला होता त्यांचा."

"मग बिघडलं कुठे?"

ते बोटानं स्क्रीन वर सरकवत राहिले. साडेनऊ, पावणेदहा, दहा. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथे ती त वाली ओळ होती. तिच्या नंतरचं त्यांचं प्रत्येक उत्तर वेगळ्याच माणसानं लिहिल्यासारखं होतं. त्या ओळीला मात्र त्यांनी काहीच उत्तर दिलेलं नव्हतं. घाव एकानं घातला होता आणि परतफेड दुसरीला चालली होती. हे त्यांनाही दिसलं. फोन त्यांनी टेबलावर उलटा ठेवला.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "कॉलेजात पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मी 'पानी' म्हणालो होतो. सगळा वर्ग हसला."

"तेव्हा मनात काय आलं?"

"की यांना कळलं. मी यांच्यातला नाही."

"आणि त्या रात्री, ती ओळ वाचून?"

"तेच." थोडं थांबून त्यांनी वाक्य पुरं केलं, "आणि यांच्यातला नसलो, तर माझ्या एवढ्या वाचनाला काही किंमत नाही."

इतके दिवस आम्ही ज्याच्या शोधात होतो ते हे वाक्य होतं. माझ्या अनुभवात पुस्तकांवरून झोप उडालेल्या बहुतेकांच्या तळाशी असंच एखादं वाक्य सापडतं. 'माझं मत हरलं म्हणजे मी हरलो.' 'यांनी मला वाचक मानलं नाही तर मी कुणीच नाही.' ज्यांनी वाचनाच्या बळावर स्वतःची जागा मिळवली, त्यांना हे अधिक लागतं, कारण मतावर आलेलं बोट त्यांना थेट स्वतःवर आल्यासारखं वाटतं. म्हणून मी समोरच्याचं मत बरोबर की चूक यात फारशी शिरत नाही. मनातलं ते वाक्य सापडेपर्यंत थांबते. याला धीर लागतो, आणि एवढ्या वर्षांत तो माझ्या अंगी आला आहे.

मी ज्या विचारानं काम करते तो अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांचा. 1955 च्या सुमारास त्यांनी मनातले हट्टी विचार तपासून बदलण्याची आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धत मांडली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस यांनी आपलं ऋण उघड मान्य केलं होतं, आणि ते होतं एपिक्टेटसचं. हे सांगितल्यावर गृहस्थ चमकले. "म्हणजे मी सगळ्यांना जे सांगत होतो, ते मलाच..."

"तुम्हालाही लागू आहे. पण तुम्ही अर्धंच सांगत होता."

एलिस घटनेला नगण्य मानत नाहीत. कर्ज हे कर्जच असतं, अपमान हा अपमानच असतो. त्याचं दुःख व्हावं, चीडही यावी. ती माणसाला हालचाल करायला लावते. विचारानं बदलता येते ती पुढची पायरी. 'मला सगळ्यांनी मान द्यायलाच हवा, नाहीतर मी कवडीमोलाचा', या हट्टातून जो संताप आणि जी खचलेली अवस्था येते, ती. मान मिळावा ही इच्छा जरूर ठेवा. तिचा हट्ट झाला की झोप जाते.

"शुद्धलेखन चुकलं म्हणजे विचार कमी दर्जाचा, याला पुरावा काय?" मी विचारलं. हा प्रश्न मी घरी घेऊन जायला दिला होता. पुढच्या भेटीत आल्या आल्या ते म्हणाले, "मॅडम, एपिक्टेटसनं स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. तो बोलायचा, त्याचा शिष्य एरियन टिपून ठेवायचा. आणि आपल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी जपल्या." मी एवढा वेळ समजावून जे झालं नसतं, ते त्यांनी स्वतःच्या वाचनातून करून आणलं होतं. तो दिवस मला फार समाधान देऊन गेला.

मग एक कृती ठरवली. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. वयाच्या 19 व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन त्यांनी शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला. काहीजणी लगेच उठून गेल्या, पण भीती गेली. आमच्या गृहस्थांनी ग्रुपवर एक छोटं टिपण लिहायचं आणि त्यात एक चूक जाणूनबुजून तशीच ठेवायची, असं ठरलं. पुन्हा 'तत्वज्ञान'च. एकानं चूक दाखवली. यांनी लिहिलं, "बरोबर, तीन त हवेत, आभार." पोटात गोळा आला होता म्हणे, पण थोड्याच वेळात विरला. शुद्ध लिहिण्याचा आग्रह त्यांनी सोडलेला नाही, आता तो घाबरून नसतो एवढंच.

दुसरी कृती मला अधिक प्रिय आहे. त्या बाईंचं म्हणणं यांनी अशा शब्दांत लिहायचं की त्या वाचून म्हणतील, हो, मला हेच म्हणायचं होतं. आपल्या परंपरेतला हा पूर्वपक्ष. तो नीट मांडल्याशिवाय शास्त्रकार आपला सिद्धान्त पुढे करत नसत. पहिल्या खेपेला यांनी लिहून आणलं, "तत्त्वज्ञान निरुपयोगी आहे असं त्यांना वाटतं."

"असं त्या म्हणाल्या कुठे?" मी कागद परत केला.

दुसऱ्या खेपेला लिहिलं होतं, "कर्जाचं दुःख कर्जातूनच येतं. सोसायला शिका हा उपदेश बहुतेकदा कर्ज नसलेला माणूस करतो." वाचून ते गप्प झाले. मग म्हणाले, "हे खरं आहे. माझ्या वडिलांना मी ते वाक्य ऐकवू शकलो नसतो."

त्यांनी हे तसंच ग्रुपवर लिहिलं, आधीच्या शब्दांबद्दल माफी मागितली आणि एक भर घातली : हे म्हणणारा एपिक्टेटस स्वतः गुलाम म्हणून वाढला होता, सुखात बसून बोलत नव्हता. बाईंचं उत्तर आलं, "हे मला माहीत नव्हतं. पण मग गुलामी जायला हवी, असं तो का म्हणाला नाही?" यावर त्यांचं बोलणं अजून चालू आहे. त्या रात्री ते अकराला झोपले.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी हल्ली न्यायसूत्रं, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राचा प्राचीन ग्रंथ, सांगते. तिथे चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायला होतो तो वाद, जिंकायला होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडणं म्हणजे वितंडा. वाद कुणाशी करावा तेही सांगितलंय : शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि मनात असूया नसलेली हितेच्छू माणसं. जल्प-वितंडाही सूत्रकार टाकून देत नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं ते तत्त्वाच्या रक्षणापुरतं वापरावं, म्हणतात. तेव्हा उत्तर लिहिण्याआधी एवढंच बघा की समोरचा तिघांपैकी काय करतोय, आणि आपण काय करतोय. त-वाल्या माणसाशी वाद शक्यच नव्हता. बाईंशी होता, तो आमच्या गृहस्थांनी जवळजवळ घालवला होता.

रात्री दहानंतर लिहिलेलं उत्तर फोनच्या नोट्समध्ये ठेवा, सकाळी वाचा, मग टाकायचं का ठरवा. 'पुस्तक भिकार आहे' लिहिण्याऐवजी कुठल्या पानावर तुमचं मन उडालं ते लिहा. त्यावर बोलता येतं. आणि उत्तर मनात घोळू लागलं की त्यातल्या मुद्द्याआधी हे विचारा : या माणसानं आज मान्य केलं नाही, तर माझं नक्की काय जातं?

ग्रुप सोडायचाच, असा सल्ला मी एकाच परिस्थितीत देते. मतावरून बोलणं जातीवर, बाईपणावर, घरच्यांवर घसरलं की तो वाचकांचा वाद उरत नाही. विशेषतः लिहिणाऱ्या मुलींना हे फार सोसावं लागतं आणि त्या ते घरी सांगत नाहीत. तिथे समजून घेण्याची, पूर्वपक्ष मांडण्याची जबाबदारी तुमची नाही. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, ॲडमिनला कळवा, त्या माणसाला ब्लॉक करा. धमकी असेल तर सायबर पोलिसांकडे जा, आणि जाताना घरच्या कुणाला तरी बरोबर घ्या.