कंपनीतल्या टेक्निकल नोंदी कोणी लिहीत नाही, लिहिलेल्या कोणी वाचत नाही. काय सुधारणा करावी?

तुम्ही म्हणताय की टेक्निकल टीमचे अनुभव एका जागी लिहून ठेवायला मोठ्या उत्साहात सुरुवात केली, पहिल्या महिन्यात नऊ नोंदी आल्या आणि आता सहा महिने शुकशुकाट आहे. बक्षीस ठेवावं का आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असंही विचारलंय. बक्षीस ठेवू नका. सॉफ्टवेअरचं शेवटी बघू.

मी रत्नागिरीत मासे प्रक्रियेच्या एका कारखान्यात अकरा वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाची उपकरणं, बघितलं. म्हाकूल, बळे, राणी मासा, बांगडा, सगळं गोठवून परदेशी जाणारं. आमच्याकडेही साहेबांच्या डोक्यात एक दिवस हे आलं आणि फर्मान निघालं : दर महिन्याला प्रत्येक विभागाने एक लेख द्यायचा. लेख आले. 'इंडस्ट्री ४.० : काळाची गरज' हा तीन विभागांकडून आला, त्यातल्या दोघांचा स्वल्पविरामही सारखा. स्टोअरवाल्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर दोन पानं दिली. त्याच्या स्टोअरमध्ये केबल ग्लँडचे (बॉक्समध्ये केबल शिरते तिथे ती घट्ट धरणारा भाग) साइज तेव्हा कार्डावर पेन्सिलीने लिहिलेले असायचे. त्या कार्डांवर लिहिलं असतं तर मी छापून भिंतीवर लावलं असतं.

तेव्हा पहिली गोष्ट, महिन्याचा कोटा असेल तर आजच रद्द करा. लोकांना लिहायला सांगितलं की ते निबंध लिहितात. शाळेत आपल्याला तेवढंच शिकवलेलं असतं.

आता जे सांगायचंय ते. २०१८ चा जुलै. त्या वर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद होती, त्यामुळे नवा माल नाही, पण कोल्ड रूम आधीच्या मालाने गच्च भरलेली, कंटेनरची वाट बघत. रात्री दोनला फोन आला. उणे १८ ला असणारी रूम उणे १५ दाखवतेय आणि आकडा वर सरकतोय. मी पावसात गाडी काढली. पोचल्यावर दुसरा कंप्रेसर चालू करायला लावला. फरक नाही. कॉइलवर बर्फ चढला असेल म्हणून डिफ्रॉस्ट घेतलं. फरक नाही. रूम थंड करणारा अमोनिया कमी पडतोय का ते बघितलं, पंखे बघितले, दरवाज्याचं रबर बघितलं. पहाटे चारला कोल्हापूरच्या रेफ्रिजरेशन कंत्राटदाराला उठवलं. तो म्हणाला, आंबा घाट मोकळा असेल तर निघतो.

या सगळ्या वेळात कंप्रेसर हॉलचे मामा शांतपणे विडी न पेटवता नुसती तोंडात धरून उभे होते. दहावी नापास, तीस वर्षं अमोनियाच्या मशीनवर. सहाच्या सुमारास मला म्हणाले, "साहेब, रूम गार हाय. काटा खोटं बोलतोय." मी विचारलं, कशावरून? म्हणाले, "सक्शनचं प्रेशर रोजच्यागत हाय. रूम गरम झाली असती तर ता वर गेला असता. आनि मी आत जाऊन आलो. खोक्यावरचा बर्फ कोरडा हाय."

मग मी ते केलं जे दोनलाच करायला हवं होतं. हातातला थर्मामीटर घेऊन आत गेलो, मालाला ड्रिल मारून मोजलं. उणे १८.५. बाहेर येऊन सेन्सरचा जंक्शन बॉक्स, म्हणजे तारा जोडलेला डबा, उघडला. आत पाणी साचलेलं आणि एका टर्मिनलवर हिरवी भुकटी. खारी हवा तांब्याचं काय करते ते इथे कोणाला सांगायला नको. टर्मिनल घासून पुन्हा आवळलं आणि डिस्प्ले उणे १८ वर जाऊन बसला.

यातलं गणित सोपं आहे. पीटी-१०० सेन्सर (तापमानाप्रमाणे याचा विद्युत अवरोध बदलतो) शून्य अंशाला १०० ओहम दाखवतो आणि दर अंशाला साधारण ०.३९ ओहम बदलतो. म्हणजे गंजामुळे वाटेत १ ओहम वाढला की काटा अडीच अंश गरम दाखवणार. तीन तारांचा सेन्सर (तिसरी तार वाटेतला अवरोध वजा करायला असते) असला तरी सुटका नाही, कारण ती पद्धत तारा सारख्याच खराब आहेत असं धरून चालते. गंज एकाच तारेवर चढला की हिशोब फसला. तारेनुसार आकडा उलटाही फसतो, रूम आहे त्याहून थंड दिसते, आणि ते जास्त वाईट, कारण तेव्हा रात्री दोनला कोणी फोन करत नाही. पाणी आत आलं कसं? केबल वरच्या बाजूने शिरत होती, ग्लँड सैल. केबलचं एक टोक उणे अठरात, दुसरं पावसाळी दमट हवेत, त्यामुळे जिथे थंड तिथे घाम धरतो आणि तो केबलवरून ओघळत थेट बॉक्समध्ये. नंतर आम्ही सगळ्या केबल खालून घेतल्या, शिरण्याआधी खाली झोळ ठेवला, म्हणजे पाणी तिथेच टपकतं, आणि पुढच्या वर्षी सेन्सरच्या डोक्यातच ट्रान्समीटर (मोजलेल्या आकड्याचं करंटमध्ये रूपांतर करणारा) बसवून ४ ते २० मिलीअँपिअरवर गेलो. करंटचं सिग्नल असलं की असल्या किरकोळ गंजाने आकडा हलत नाही.

आता यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे? हाच बिघाड आदल्या वर्षी दुसऱ्या रूमला झाला होता आणि त्यावर मीच लेख लिहिला होता. शीर्षक : 'तापमान मापन प्रणालीतील त्रुटी : कारणे व उपाययोजना'. तो तिथेच होता. रात्रपाळीच्या मुलाने मला फोन करण्याआधी 'रूम गरम' असं टाकून शोधलंही होतं, बिचाऱ्याने. काही सापडलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला स्वतःलाही माझा लेख आठवला नाही.

म्हणून नोंदीचं नाव बिघाडाच्या वेळी तोंडातून जे निघतं ते ठेवा. 'रूम गरम दाखवतेय पण माल थंड आहे.' 'लाईट जाऊन आल्यावर ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) चालू होत नाही.' डिस्प्लेवर एरर कोड आला असेल तर तो जसाच्या तसा. लोक ज्या चुकीच्या नावाने एखाद्या भागाला हाक मारतात ते नावही टाका. आमच्याकडे कॉन्टॅक्टरला (मोटर चालू-बंद करणारा स्विच) अर्धे लोक 'कटाऔट' म्हणायचे, तर तेही लिहायचं. शुद्धलेखन नंतर. आणि काय केलं यापेक्षा काय करून उपयोग झाला नाही ते आधी लिहा. माझ्या त्या रात्रीतली सगळ्यात कामाची माहिती तीच होती : दुसरा कंप्रेसर, डिफ्रॉस्ट, कंत्राटदार, तिन्ही वाया.

मी तसं लिहिलं. दुसऱ्याच दिवशी, वीस ओळी, मोबाइलवर काढलेला हिरव्या टर्मिनलचा फोटो, माझे वाया गेलेले चार तास, आणि खाली 'निदान : कंप्रेसर हॉलचे मामा' म्हणून त्यांचं पूर्ण नाव. दोन दिवसांत बर्फ कारखाना सांभाळणाऱ्या माणसाने येऊन स्वतःचे बॉक्स उघडून बघितले. पॅकिंगच्या मुलींनी मामांना नाव वाचून दाखवलं.

चौथ्या दिवशी नोंद गायब. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "ऑडिटवाल्यांनी हे बघितलं तर? आपलं तापमान खोटं दाखवत होतं हे आपणच लिहून द्यायचं?" हे मी समजू शकलो. पुढचं वाक्य होतं, "आणि टेक्निकल लेखावर ऑपरेटरचं नाव कसं टाकता तुम्ही?"

त्यानंतर मी तिथे एक ओळ लिहिली नाही. इतरांनीही नाही. साहेब मीटिंगमध्ये म्हणत राहिले, लोकांना वेळ मिळत नाही. वेळ! जून-जुलैत आमच्याकडे माणसं कॅरम खेळायची.

१९९० च्या दशकात झेरॉक्सच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी 'युरेका' नावाची व्यवस्था झाली. एकाने युक्ती लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी ती तपासायची, मग ती सगळ्यांना मिळायची. पैशांच्या बक्षिसाची गोष्ट निघाली तेव्हा तंत्रज्ञांनीच नको म्हटलं आणि युक्तीखाली नाव हवं असं सांगितलं. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, नाहीतर साहेबांच्या टेबलावर ठेवलं असतं. चुकांचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेत विमानवाले १९७६ पासून आपल्या चुका नासाकडे कळवतात, तिथे नाव काढूनच माहिती पुढे जाते. मला विचाराल तर चूक निनावी ठेवा, शोध नावासकट छापा. ज्याला स्वतःची चूक नावाने लिहायची असेल त्याला अडवू नका.

जे लिहीत नाहीत त्यांच्याकडून लिहून घेणं हे तुमचं काम. मामा काही टाइप करणार नव्हते. चहाच्या वेळी मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, दहा ओळी उतरवा, वाचून दाखवा. आठवड्याला अर्धा तास पुरतो, पण तो एका माणसाच्या नावावर हवा, 'टीम'च्या नाही. आणि सेन्सर बदलला, मशीन भंगारात गेलं, की त्याची नोंद त्याच दिवशी काढून टाका. एक शिळी नोंद वाचून हात पोळला की माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही.

छापील प्रतही ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात वीज गेली तेव्हा जनरेटरवर लोड कोणत्या क्रमाने घ्यायचा ते सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं आणि कॉम्प्युटर बंद. नंतर मी तो क्रम मोठ्या अक्षरांत लिहून, लॅमिनेट करून जनरेटरच्या दारावर लावला. मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा मी घरी अडकलो होतो, मुलांनी कागद बघून सगळा लोड चालू केला. माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली नोंद ती, सात ओळींची.

साहेबांबद्दल एवढं कबूल करतो की ऑडिटची त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. तापमानाचं जे काय झालं ते अधिकृत रजिस्टरमध्ये आधी गेलंच पाहिजे, मालाच्या मोजमापासकट. आमच्याकडे गेलंही होतं, म्हणून तर लपवायचं काही नव्हतं. ग्राहकांची नावं, पासवर्ड, ड्राइव्हची सेटिंगं असल्या नोंदींत टाकू नका. अमोनियाची गळती, सेफ्टी व्हॉल्व्ह, असल्या विषयांत कोणाची 'युक्ती' छापू नका, तिथे लेखी कार्यपद्धतीच चालायला हवी. आणि माझा अनुभव दोनशे माणसांच्या कारखान्याचा आहे. तुमची सॉफ्टवेअर कंपनी असेल तर मामांच्या जागी तुमच्याकडे कोण आहे ते तुम्हालाच बघावं लागेल.

सॉफ्टवेअर : शोध नीट चालतो आणि मोबाइलवरून फोटो टाकता येतो असं कुठलंही. देवनागरीत 'रूम गरम' टाकून सापडतंय का, ते विकत घेण्याआधी स्वतः टाइप करून बघा.