पत्र्याच्या डब्याचा मेणबत्तीचा कंदील करताना डबा चेपू नये म्हणून काय करावे?

भोके पाडण्यापूर्वी डब्यात वरून दोन बोटे जागा सोडून पाणी भरावे आणि ते रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवावे. आतून बर्फाचा आधार मिळाल्यामुळे खिळ्याचा ठोका बसला तरी पत्रा आत दबत नाही. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते, त्यामुळे बूड किंचित बाहेर येते, पण बर्फ वितळल्यावर ते हातोडीने सपाट करता येते. नक्षी आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी काढून डब्याला चिकटवावी आणि डबा घडी घातलेल्या गोणपाटावर आडवा ठेवून ठोकावा, म्हणजे तो घरंगळत नाही. दोन भोकांत निदान 5 मिलिमीटर अंतर राखावे, अन्यथा पत्रा फाटतो. (आमच्या बेळगावात दिवाळीला केलेल्या माझ्या पहिल्या कंदिलाची चांदणी अशीच फाटून तिचे एकच भगदाड झाले होते.) बुडाजवळ हवेसाठी चार-पाच भोके अवश्य ठेवावीत आणि वरचे तोंड उघडेच असावे. आतल्या कडा कानशीने घासाव्यात. डब्याचा पत्रा म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा दिलेले पोलाद असल्याने प्रत्येक भोकाच्या कडेला पोलाद उघडे पडते आणि बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात तेथूनच गंज धरतो, म्हणून बाहेरून उष्णतारोधक रंगाचा हात द्यावा.