सोनोग्राफी असताना पोट हाताने तपासायला शिकायचं कशाला?

तुझा प्रश्न: एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सगळ्यांची सोनोग्राफी होतेच, तर पोट तपासणं एवढं घासायचं का आणि कसं?

हा 'कशाला' मी माझ्या हॉस्टेलच्या रूममेटकडून वर्षानुवर्षं ऐकतोय. तो आता रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे सोनोग्राफी करणारा डॉक्टर.

इंटर्नशिपला, मुंबईतल्याच एका कॅज्युअल्टीत रात्री एक कोळीण आजी आल्या. पोटात कळा, दोन दिवस उलट्या. नऊवारी करकचून नेसलेली, कमरेला पैशांची चंची. 'जरा सैल करा' म्हणायची मला लाज वाटली. बेंबीभोवती चार बोटं दाबली, 'पोट मऊ' लिहिलं, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं. सकाळी रजिस्ट्रार मॅडमनी पडदा ओढला, "आजी, गाठ सोडा जरा," म्हणाल्या. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा, हात लावताच आजी कळवळल्या. फिमोरल, म्हणजे जांघेतल्या, हर्नियात आतडं अडकलेलं. ऑपरेशनमध्ये वीतभर काळं आतडं कापावं लागलं. मॅडम ओरडल्या नाहीत. केसपेपरवरच्या माझ्या 'पोट मऊ'वर नुसतं बोट ठेवलं.

रूममेट म्हणतो, सोनोग्राफीत सापडलं असतं. अरे, फॉर्मवर मी 'पोट' एवढंच लिहिलं असतं, सोनोग्राफीचा प्रोब जांघेत कोण नेणार होतं?

पुस्तकातला क्रम तुला पाठ असेलच. हात चोळून गरम कर. दुखऱ्या जागेवर सगळ्यात शेवटी जा. नजर हातावर नको, चेहऱ्यावर ठेव. पेशंट 'नाही दुखत' म्हणतो आणि कपाळावर आठी येते. खोकायला सांग, खोकताना एका बोटाने जागा दाखवली तर अर्धं काम झालं. जांघा बघायच्याच, मुलग्यांत वृषणंही; पोरगं पोट धरून येतं आणि पीळ खाली वृषणाला पडलेला असतो. उजवीकडे खाली दुखलं की अपेंडिक्सच, असं नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबी नेमका तिथेच बसतो. पाळी येणाऱ्या बाईची प्रेग्नन्सी टेस्ट, ती 'शक्यच नाही' म्हणाली तरी. वरच्या पोटात दुखणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी, हार्ट अटॅकही तिथे दुखू शकतो.

बाईला तपासताना सिस्टर सोबत हवी आणि आधी विचारायचं, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आणि हो, पित्ताशयातले खडे मला बोटांनी कधी लागले नाहीत, तेवढं रूममेटला देऊन टाकतो. तो हे वाचेलच. फॉर्मवर काय लिहिलं असतं, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.