वादळ गेलं, धूळ डक्टमध्ये राहिली?

प्रश्न : धुळीचं वादळ येऊन गेल्यापासून घरात मातीचा वास आहे. लादी, खिडक्या, पडदे सगळं धुऊन काढलं. तरी सेंट्रल एसी लावला की पुसलेल्या टेबलावर तासाभरात पुन्हा बोटाने नाव लिहिता येतं. एक ओळखीचे म्हणाले, खिडक्या उघडा आणि एसीचा पंखा फुल करून तासभर सोडा, सगळी धूळ बाहेर पडेल. करू का तसं? की डक्ट, म्हणजे एसीची हवा वाहून नेणाऱ्या नळ्या, साफ करणाऱ्यांना बोलवू?

उत्तर : पंख्याचा उपाय तेवढा करू नका. नवीन होतो तेव्हा हे शहाणपण मी एका गिऱ्हाइकाच्या घरी करून बसलोय. फिल्टर आधीच गच्च भरलेला, त्यात चौकटीत तिरका बसलेला. बाजूच्या फटीतून पंख्याने धूळ ओढली आणि खोलीतल्या पांढऱ्या पलंगपोसावर आणून टाकली. घरच्या बाई काही बोलल्या नाहीत, पलंगपोसाचं एक टोक फक्त माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : आधी फिल्टर, मग डक्टच्या तोंडावरच्या जाळ्या, पंखा सगळ्यात शेवटी. यंत्रणेचा मेन स्विच बंद करा, एन९५ मास्क लावा. फिल्टर काढताना झटकू नका; जागेवरच पिशवीत सरकवून पिशवीचं तोंड बांधा. कागदी फिल्टर असेल तर टाकूनच द्या. धुता येणारा असेल तर धुऊन पूर्ण वाळवा. घाईने ओलाच बसवला की चार दिवसांनी मातीच्या जागी बुरशीचा वास येतो, आणि तो काढणं जास्त अवघड. नवीन फिल्टरच्या चौकटीवर बाण असतो, तो हवा जाते त्या दिशेला, म्हणजे पंख्याकडे असला पाहिजे. उलटे बसवलेले फिल्टर मी इतके पाहिलेत, की कुणाच्याही घरी गेलो की आधी बाणच बघतो.

आता जाळ्या. हवा खेचणारी, म्हणजे रिटर्नची जाळी आधी घ्या. घरातली धूळ तिथेच जास्त अडकते. छतातल्या जाळीखाली जुनी चादर अंथरा, स्क्रू काढा, जाळी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. ती वाळेपर्यंत डक्टच्या तोंडाशी हात पोचेल तेवढा भाग व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने ओढून घ्या आणि ओलसर फडक्याने पुसा. व्हॅक्यूमला हेपा (अतिबारीक धूळ धरणारा) फिल्टर असेल तर उत्तम, नाहीतर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. डक्टला आतून मऊ अस्तर असेल तर मात्र पाणी लावू नका. आणि लवचीक, पन्हळी डक्टमध्ये लांब दांड्याचा ब्रश घालू नका. डक्ट फाटला की कळतही नाही, थंड हवा माळ्यावर जात राहते.

सगळं बसवून झालं की पंखा लावा. दोन-तीन दिवसांनी फिल्टर काढून बघा. नवीन फिल्टर एवढ्यात काळवंडला असेल तर वाईट वाटून घेऊ नका, तो त्याचं काम करतोय. तोही बदला. बाहेरच्या युनिटवरची माती वीज बंद करून साध्या पाइपच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने कॉइलच्या पातळ पट्ट्या वाकतात.

डक्ट साफ करणाऱ्यांना लगेच बोलवू नका. माझाच धंदा आहे, तरी सांगतो. जाळी काढल्यावर मोबाइल धरलेला हात आत घालून फ्लॅश लावून फोटो काढा. पातळ, पीठ भुरभुरल्यासारखा थर असेल तर तो तिथेच पडून राहतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचंही म्हणणं असंच आहे, की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. पण फोटोत मातीचे ढीग दिसले, बुरशी किंवा उंदरांच्या लेंड्या दिसल्या, किंवा फिल्टर बदलूनही जाळीतून धूळ उडत राहिली, तर बोलवा. येणाऱ्याने डक्टला मोठा व्हॅक्यूम जोडून आत हवेचा दाब कमी ठेवूनच घासलं पाहिजे. नुसता ब्रश फिरवून वर सुगंधी औषध फवारतो म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : याच निमित्ताने जास्तीत जास्त बारीक फिल्टर बसवून टाकावा का?

उत्तर : यंत्राच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तेवढाच. मर्व्ह हे फिल्टर किती बारीक धूळ धरतो त्याचं माप; मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर बारीक धूळ चांगली धरतो, पण हवेलाही तितकाच अडवतो. पंख्याची ताकद कमी पडली तर हवा कमी येते आणि आतल्या, हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो. त्यापेक्षा आहे त्या फिल्टरच्या कडेला बोट फिरवून बघा. फट लागली तर आधी ती बुजवा.