खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय आणि पावसाचा इशारा आहे?

हवामान खात्याचा रायगड जिल्ह्याचा इशारा बघा, मुंबईचा नको. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथे पाऊस जास्त कोसळतो. लाल इशारा म्हणजे २४ तासांत २०४.४ मिमीहून अधिक पावसाची शक्यता. सरळ तारीख बदला. पिवळा असेल तर खुशाल जा.

विजा कडाडल्या की नायट्रोसारख्या उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणून उघडीप दिसताच आधी त्या उरका. ‘आय फॉर इंडिया’, ‘डीप स्पेस’ छपराखाली आहेत, त्या सरींसाठी राखून ठेवा.

छत्री रांगेत अडते, रेनकोटच घ्या. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, चपला राइडवर निसटतात. मुलांना जीन्स अजिबात नको: दिवसभर वाळत नाही, मांड्या सोलवटतात. कोरडा जोड आणि टॉवेल गाडीतच ठेवा.